‘लिनक्सवर मराठी फॉन्ट चालत नाहीत’ म्हणणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुने कॉम्प्युटर फेकून न देता त्यावर लिनक्स टाकून वापरा असा लेख आला होता, तो मी दुकानात गिऱ्हाइकं सांभाळत सांभाळत दोनदा वाचला. लेख चांगलाय, काही वाद नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला, जुन्या मशीनवर ११ बसत नाही, नवीन घ्यायचं तर खिसा कापला जातो, त्यापेक्षा फुकटातलं लिनक्स टाका, हे सगळं बरोबर. पण शेवटाकडं लेखकानं एक ओळ टाकलीय की मात्र लिनक्सवर मराठी फॉन्टची अडचण येते, आणि पुढं निघून गेलेत. कसली अडचण, कुणाला आली, काय केलं म्हणजे जाते, काही नाही. दुसऱ्याच दिवशी एक सर दुकानात येऊन म्हणाले, ताई तुमच्याकडं तर लिनक्स आहे ना, मग आमच्या प्रश्नपत्रिका मराठीत करता कशा? म्हटलं सर, गेले काही महिने तुमच्याच करतेय की, तुम्हाला कळलं तरी का! म्हणून हे पत्र. लांबणार आहे, कापायचं तर कापा, पण यातले ‘ऱ्या’ जपा, का ते पुढं येईल.

मी सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी झेरॉक्स-डीटीपीचं दुकान चालवते. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, वकिलांचे अर्ज, दशक्रियेची कार्डं, पडेल ते. माझे सासरे जुळारी होते, म्हणजे छापखान्यात एकेक अक्षर जुळवणारे, पुढं स्वतःचं ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईचं मशीन घेतलं, त्याच जागेत आज माझा टेबल आहे. त्यांच्या वेळी नवीन टाइप आणायचा म्हणजे शिशाचा टाइप फाउंड्रीतून वजनावर विकत आणायचा, तो ओझं वाहत गावात आणायचा, मग केसच्या, म्हणजे खणांच्या ट्रेच्या, एकेका घरात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, भरायचे. त्या केसकडं न बघता त्यांचा हात बरोबर घरात जायचा. मुंबईत १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजींचं नाव ते असं घ्यायचे की ऐकणाऱ्याला वाटावं शेजारच्याच आळीत राहायचे. सांगायचा मुद्दा हा की आमच्या घरात अक्षराचं वळण हा जेवताना बोलायचा विषय आहे, त्यामुळं फॉन्टची अडचण असं कुणी मोघम लिहिलं की मला गप्प बसवत नाही.

तर दुकानातलं मशीन दहा-अकरा वर्षांचं. विंडोज बंद होणार म्हटल्यावर माझा भाचा पुण्याहून आला आणि एका दुपारी त्यानं त्यावर लिनक्स मिंट, लिनक्सचाच एक प्रकार, टाकून दिलं. मराठी दिसेल का हा माझा पहिला प्रश्न होता, त्यानं तुमच्याच पेपरची वेबसाइट उघडून दाखवली, सगळं वाचता येत होतं, एकही चौकोन नाही. लिनक्सबरोबर मराठीचे एकदोन फॉन्ट बहुतेक वेळा येतातच. लोहित म्हणून एक फॉन्ट आहे तो रेड हॅट कंपनीनं खुला करून दिलेला, लोहित म्हणजे लाल, कंपनीच्या नावावरूनच ठेवलंय. दुसरा नोटो, गूगलचा. अक्षर सापडलं नाही की कॉम्प्युटर जो रिकामा चौकोन दाखवतो त्याला त्यांच्यात टोफू म्हणतात, तर हा ‘नो टोफू’ म्हणून नोटो. म्हणजे वाचायची अडचण नव्हतीच. अडचण ही की लग्नपत्रिका लोहितमध्ये केली तर ती सोसायटीच्या नोटिशीसारखी दिसते, आणि मुलीच्या बापाला ते चालत नाही, बरोबरच आहे.

मग फॉन्ट बसवायचे. आता हे एकदा नीट लिहिते, कारण लेखात नेमकं हेच राहिलं होतं.

गूगल फॉन्ट्सच्या साइटवर जायचं, भाषेत मराठी किंवा लिपीत देवनागरी निवडायचं, फॉन्ट डाउनलोड करायचा, झिप फाइल येते ती राइट क्लिक करून उघडून घ्यायची. मी पहिल्यांदा ‘मुक्ता’ घेतला, मुंबईच्या ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा, बारीकपासून जाडपर्यंत सात वजनं आहेत त्याची, म्हणजे सात फाइली. फाइलीवर डबल क्लिक केलं की फॉन्ट कसा दिसतो ते दाखवणारी खिडकी उघडते, तिथं वर इन्स्टॉल असं बटण असतं, ते दाबलं की झालं. एवढंच. पण सात फाइली सात वेळा कोण उघडत बसणार, त्यापेक्षा सोपं म्हणजे होम फोल्डर उघडा, कंट्रोल आणि एच दाबा म्हणजे लपलेले फोल्डर दिसायला लागतात, त्यात टिंब लोकल नावाचा फोल्डर आहे, लोकलच्या आधी टिंब असलेला, त्याच्यात शेअर, आणि शेअरमध्ये फॉन्ट्स नावाचा फोल्डर नसेल तर आपणच करायचा, नाव इंग्रजीत आणि सगळं स्मॉलमध्ये. त्यात सगळ्या फाइली एकदम कॉपी करून टाकायच्या. मी तर आत आणखी फोल्डर केलेत, पत्रिका वेगळे, मजकुराचे वेगळे, बारशाचे वेगळे, लिनक्सला त्याचं काही वाटत नाही, ते आतले फोल्डरसुद्धा शोधून घेतं. जुन्या माहितीत घरातच टिंब फॉन्ट्स नावाचा फोल्डर करा असं लिहिलेलं सापडेल, ती जुनी पद्धत, आता वरचीच वापरा.

त्यानंतर टर्मिनल, म्हणजे ती काळी खिडकी, उघडून एफसी-कॅश एवढी एक कमांड द्यायची, मध्ये आडवी रेघ, मग जागा सोडून आडवी रेघ एफ व्ही (fc-cache -fv). ती सगळे फोल्डर परत चाळते आणि नवीन फॉन्टची यादी करून ठेवते. बऱ्याचदा हे न करताही फॉन्ट येतात, पण मी देतेच, सासरे फर्मा मशीनवर चढवण्याआधी एकदा हातानं चाचपून बघायचे तसं. आणि ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, लिबरऑफिस, म्हणजे लिनक्सवरचं वर्डसारखं, उघडं असेल तर नवीन फॉन्ट त्याच्या यादीत दिसत नाही, ते बंद करून परत उघडायला लागतं. मी पहिल्या दिवशी अर्धा तास मुक्ता शोधत होते आणि लिनक्सला शिव्या देत होते, आणि मुक्ता बिचारी जागेवर होती.

आपल्या मशीनवर मराठीला चालणारे फॉन्ट कोणते आहेत ते बघायचं असेल तर एफसी-लिस्ट, मग जागा, मग कोलन लावून लँग इज इक्वल टू एमआर, हे सगळं इंग्रजी स्मॉलमध्ये (fc-list :lang=mr). एमआर म्हणजे मराठी. भली मोठी यादी येते. माझ्या मशीनवर हे पहिल्यांदा चालवलं तेव्हा माझा भाचाच म्हणाला की मामी, मलाही माहीत नव्हतं हे.

आता माझी फजिती. दुकानात माझ्या हाताखाली एक मुलगी आहे, तिचा लॉगिन वेगळा करून दिलाय, कारण माझ्या फाइलींत तिनं आणि तिच्या फाइलींत मी ढवळाढवळ करू नये. ऐन लग्नसराईत मी घरी जेवायला गेले, पत्रिकेचं गिऱ्हाईक आलं, तिनं तिच्या लॉगिनमधून माझी फाइल उघडून प्रिंट दिली, आणि मी आले तर वधूवरांची नावं लोहितमध्ये! जागा तेवढीच, अक्षरं रोडावलेली, ‘चि. सौ. कां.’ च्या खाली भलामोठा मोकळा पट्टा. प्रोग्रॅमनं एक शब्द न बोलता दुसरा फॉन्ट लावून दिला होता. झालं काय होतं, की मी फॉन्ट ठेवले होते माझ्या घरात, म्हणजे माझ्या होम फोल्डरमध्ये, आणि ते फक्त माझ्या लॉगिनला दिसतात. सगळ्यांना दिसायला हवे असतील तर यूएसआर, त्यात लोकल, त्यात शेअर, त्यात फॉन्ट्स या फोल्डरमध्ये ठेवायचे, तिथं ठेवायला पासवर्ड लागतो, मिंटमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून ओपन ॲज रूट म्हटलं की तो विचारतो. बस. वीस कार्डं फुकट गेली तेव्हा हे शिकले. एकट्यानंच मशीन वापरणाऱ्याला याची गरज नाही, त्यानं घरातच ठेवावेत, पासवर्डच्या भानगडीत न पडता.

कोणते फॉन्ट घ्यावेत यावर माझं मत सांगते, पटलं तर घ्या. मजकुराला मुक्ता किंवा नोटो. पुस्तकी छपाईसारखं हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी, याचं मूळ काम हार्वर्डच्या मूर्ती क्लासिकल लायब्ररीसाठी झालेलं, बारीक अक्षरातही सुरेख उमटतो. यशोमुद्रा, राज्य मराठी विकास संस्थेनं त्याच ‘एक टाइप’कडून मराठीसाठी करून घेतलेला. त्याच्याच अक्षरांवरून आयआयटी मुंबईत शोभिका झाला, संस्कृतवाल्यांना लागणारी अवघड जोडाक्षरं त्यात नीट येतात, आमच्याकडच्या गुरुजींना मी पूजेचे मंत्र त्यातच करून देते. बारशाला मोडक, नावाप्रमाणेच गुबगुबीत, त्यात दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर मात्र टाकू नये, अजीर्ण होतं. आणि यात्रा वन म्हणून एक आहे, तो मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय, मी एका वडापावच्या गाडीचा बोर्ड त्यात करून दिला तर मालक म्हणाला, ताई हे दादरला बघितल्यासारखं का वाटतंय!

हे सगळे खुल्या परवान्याचे, झिपमध्ये ओएफएल नावाची एक फाइल असते ती तीच. धंद्याला वापरा, छापा, मित्राला द्या, चालतं, फक्त नुसता फॉन्टच विकायला काढायचा नाही. मी हे मुद्दाम लिहितेय कारण आमच्या लायनीत ‘हजार मराठी फॉन्ट’ असा एक पेनड्राइव्ह हातोहात फिरत असतो, कुणी केला माहीत नाही, त्यातले निम्मे चोरीचे आणि उरलेल्यात व्हायरस. तो लिनक्समध्ये लावून त्यातले फॉन्ट चालत नाहीत म्हणून ओरडणारे मी बघितलेत.

नवीन फॉन्ट आणला की मी त्याची परीक्षा घेते. माझी एक ओळ ठरलेली आहे: ‘ॲडव्होकेट साहेबांनी दऱ्याखोऱ्यांतल्या आचाऱ्यांना श्रीखंडाची ऑर्डर दिली, आचार्यांना नाही, ही काय तऱ्हा झाली राव.’ हसू नका. यात ‘ॲ’ आहे, तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना ठरलेले नंबर देणाऱ्या यादीत, स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आला, त्यामुळं जुन्या फॉन्टात तो नसतो आणि वकिलाच्या नावाआधी चौकोन उमटतो, आणि वकिलाला ते अजिबात खपत नाही. आणि यात ‘ऱ्या’ आहे. आचार्यांना म्हणजे गुरूंना, आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक्यांना. डोक्यावरचा रफार वेगळा आणि ही मधली आडवी रेघ वेगळी, हिंदीवाल्यांना ही लागत नाही, म्हणून फक्त हिंदी डोळ्यापुढं ठेवून केलेल्या फॉन्टात ती कधी तुटते, कधी खाली नुक्ता, म्हणजे टिंब, टाकून देते. माझ्या ओळीत जो फॉन्ट पास झाला तो दुकानात राहतो, नापास झाला तो कितीही देखणा असला तरी डिलीट. डिलीट करायचं म्हणजे फोल्डरमधून फाइल काढून टाकायची, बसवायचं जेवढं सोपं तेवढंच काढायचं.

अजून एक बारकी गोष्ट, पण मराठी माणसानं करावी अशी. आपला ल पाकळ्यांचा, आणि श देठाचा. आपल्या सरकारनं ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात हीच रूपं मराठीची म्हणून सांगितलीत. नोटोसारख्या फॉन्टात मुळात हिंदी वळणाचा दंडवाला ल दिसतो आणि लोक म्हणतात बघा, लिनक्स हिंदी लादतंय. अहो लादत नाही, आपण सांगितलंच नाही त्याला आपली भाषा कोणती. लिबरऑफिसमध्ये मजकूर सिलेक्ट करून भाषा मराठी केली की त्याच फॉन्टमधले ल आणि श डोळ्यांदेखत वळण बदलतात. दोन्ही रूपं फॉन्टच्या पोटात असतात, भाषेचं नाव सांगितलं की बरोबर ते बाहेर येतं. मी हे एका मास्तरांना करून दाखवलं तर त्यांनी मला परत हिंदी करायला लावलं, परत मराठी करायला लावलं, असं चारदा.

हां, लिबरऑफिसमध्ये मराठीचा फॉन्ट वेगळ्या कप्प्यात असतो हेही सांगते. कॅरेक्टरच्या खिडकीत वर इंग्रजीचा फॉन्ट आणि खाली सीटीएल म्हणून दुसरा, आपला खालचा. वरचा बदलून मराठी का बदलत नाही म्हणून डोकं धरून बसू नका. मी बसले होते.

एवढं सगळं बसवून झालं तरी लेखकाची ती ओळ पूर्ण खोटी नाही, हे मी मान्य करते. अडचण येते. पण ती कुठून येते ते बघा.

एका शाळेतून मला सहामाहीच्या विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेची फाइल व्हॉट्सॲपवर आली. उघडली तर पहिल्यापासून शेवटपर्यंत इंग्रजी अक्षरांचा खिचडा. कारण ती कृतिदेवमध्ये केलेली होती. कृतिदेव हा फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेला मराठी मुखवटा आहे, तुम्ही ‘मराठी’ असं टाइप केलं की फाइलीत खरं जातं ते इंग्रजी ई, जे, के, बी, एच. फॉन्ट असेल तर ‘मराठी’ दिसतं, फॉन्ट काढला की मुखवटा गळतो आणि ई जे के बी एच. यात लिनक्सचा काय दोष? त्या सरांनी पेनड्राइव्हमधून त्यांच्याकडचा कृतिदेव दिला, मी त्याच फोल्डरमध्ये टाकला, फाइल उघडली, सगळं मराठीत आलं. म्हणजे जुना फॉन्टसुद्धा लिनक्सवर बसतो, बरं का.

बसतो, पण मग काय होतं ते ऐका. मी त्यात एक प्रश्न वाढवायला गेले, ‘कमळाच्या पानावर पाणी का ठरत नाही’, आणि बघते तर ‘क्मळाच्या’. परत केलं, परत ‘क्मळाच्या’. कृतिदेवमध्ये क म्हणजे लहान डी आणि अर्धा क् म्हणजे मोठा डी. प्रोग्रॅमला वाटतं वाक्य इंग्रजी आहे, वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल पाहिजे, म्हणून तो इमानदारीनं माझा क अर्धा करून देतो. ते ऑटोकरेक्ट बंद केलं. मग म्हटलं जाऊ दे, अख्खी फाइलच युनिकोडमध्ये बदलून टाकू, कन्व्हर्टर मिळतात, टाकली त्यात, तर मराठी बऱ्यापैकी नीट झालं पण जिथं खरोखरचं इंग्रजी होतं तेही त्यानं मराठीच समजून बदललं. पाण्याचं एच टू ओ होतं त्याचं ‘भ्२व्’ झालं. पाचवीपासूनच्या पोरांना माहीत असलेलं पाण्याचं सूत्र, आणि ते ‘भ्२व्’. रात्री साडेदहापर्यंत बसून एकेक ओळ तपासली, कारण कन्व्हर्टरला वेलांटी आणि रफार जागेवरून हलवायला लागतात, कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, आणि जिथं जोडाक्षर मोठं तिथं तो चुकतो.

हे फक्त शाळांचं नाही. सरकारी कार्यालयातून येणारे अर्जाचे नमुने, संस्थांच्या घटना, ठरावांची बुकं, अजूनही निम्मं काम असल्या फॉन्टात चाललंय, आणि युनिकोड १९९१ सालापासून आहे. आमच्याकडं टायपिंग शिकलेली माणसं आहेत, रेमिंग्टनवर हात बसलेला आहे, त्यांना वाटतं युनिकोड म्हणजे कीबोर्ड बदलायचा. इथंच सगळी गल्लत आहे. गिऱ्हाईक येऊन विचारतं, ताई तुमच्याकडं फॉन्ट कुठला, रेमिंग्टन का? अहो रेमिंग्टन हा कीबोर्ड, फॉन्ट नव्हे. बोटं कुठं पडतात तो कीबोर्ड, फाइलीत काय साठतं ते युनिकोड, आणि डोळ्याला काय वळण दिसतं तो फॉन्ट, तीन वेगळ्या गोष्टी, आणि आपण तिघांना मिळून ‘फॉन्ट’ म्हणतो. सासऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर केसमधल्या घरांची मांडणी वेगळी आणि खिळ्याचा साचा वेगळा, घरं हलवली म्हणून काही अक्षराचं वळण बदलत नाही. लिनक्सवर इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा कीबोर्ड आहे, इंग्रजी स्पेलिंगनं मराठी लिहायची फोनेटिक सोय आहे, ज्यांचा हात रेमिंग्टनचा त्यांच्यासाठी तसले लेआउटही आहेत. मी इनस्क्रिप्ट शिकले, पंधरा दिवस बोटं आखडली, मग बसलं.

मंगलचीही एक तक्रार नेहमी येते. विंडोजवरच्या वर्डमध्ये मंगल लावून केलेली फाइल माझ्याकडं उघडली की दोन पानांची तीन पानं होतात. मंगल मायक्रोसॉफ्टचा, लिनक्सबरोबर येत नाही, आणि मायक्रोसॉफ्टचे एरियल, टाइम्स न्यू रोमन वगैरे देणारं जे एक पॅकेज लिनक्सवर मिळतं त्यातही तो नाही. (ते पॅकेज टाकताना मध्येच एक करारपत्राचा पडदा येतो, तिथं माउस चालत नाही, टॅब दाबून ओकेवर जायचं आणि एंटर, मी घाबरून मशीनच बंद केलं होतं.) मंगल केला होता र. कृ. जोशींनी, कवी आणि अक्षरांचा नाद असलेला आपला मराठी माणूस, त्यामुळं त्याच्याबद्दल वाईट बोलवत नाही. उपाय एवढाच की समोरच्याला म्हणायचं फाइल दुरुस्त करायची नसेल तर पीडीएफ पाठवा, पीडीएफमध्ये फॉन्ट आतच भरून येतो, कुठल्याही मशीनवर तसाच दिसतो. दुरुस्त करायची असेल तर मुक्तासारख्या दोघांकडंही फुकट मिळणाऱ्या फॉन्टमध्ये करा. आमच्याकडच्या दोन शाळांनी हे ऐकलं, तिसरी अजून ऐकत नाही.

जे लिनक्सवर होत नाही तेही सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई जाहिरातच करतेय. फ्लेक्सवाले कोरलड्रॉची फाइल मागतात, ते कोरल इथं नाही. जुन्या पेजमेकरच्या फाइली नीट उघडत नाहीत, आणि माझ्याकडं पंधरा वर्षांच्या आहेत. त्यासाठी कोपऱ्यात एक जुनं विंडोजचं मशीन ठेवलंय, इंटरनेट न जोडता. पानं लावायला स्क्राइबस वापरते, त्याच्या १.४ मध्ये मराठी जोडाक्षरं फुटायची, १.६ मध्ये नीट जुळतात, हे मी माझ्या त्या आचाऱ्यांच्या ओळीनंच तपासलंय. लिबरऑफिसमध्ये कधीकधी फॉन्टची जाड-बारीक वजनं गोंधळतात, गूगलकडून आलेल्या झिपमध्ये स्टॅटिक नावाचा आतला फोल्डर असेल तर त्यातल्या फाइली बसवाव्यात, एकाच फाइलीत सगळी वजनं असलेली बाहेरची नको, म्हणजे तो त्रास होत नाही.

तर माझी विनंती, पुढच्या पुरवणीत छोटीशी चौकट टाका. लेखकांना माझा नमस्कार सांगा, आणि ती ओळ अशी करा की अडचण आली तर होम फोल्डर, टिंब लोकल, शेअर, फॉन्ट्स. आणि जमलं तर शाळांना आणि कार्यालयांना उद्देशून एक वाक्य, की बाबांनो फाइल पाठवताना युनिकोडमध्ये पाठवा. माझं कोण ऐकतंय, तुमचं छापलेलं ऐकतील.

हे पत्र मी मिंटवरच, इनस्क्रिप्टनं, मुक्तामध्ये टाइप केलंय. तुमच्याकडं पानावर घेताना ते बहुतेक दुसऱ्या कुठल्या तरी फॉन्टात बदलून घेतील, तेव्हा प्रूफ बघणाऱ्यांना एवढं सांगा की मध्यात ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ हे दोन्ही शब्द मुद्दाम लिहिलेत. दोन्ही एकसारखे छापून आले तर त्या परिच्छेदाचा काही अर्थ लागणार नाही, आणि गावात लोक मलाच विचारतील, ताई, श्रीखंड गुरूंना का करायला सांगितलं?

आपली,
एक डीटीपीवाली, जि. सातारा
(नाव छापू नये, सर दुकानात येत असतात)